काक्टोविकच्या शाळेतले वीस अंक : दूर उत्तरेच्या एका गावशाळेचा प्रकरण अभ्यास

अलास्काच्या अगदी वरच्या किनाऱ्याला लागून, ब्यूफोर्ट समुद्रात, बार्टर आयलंड नावाचं एक सपाट बेट आहे आणि त्यावर काक्टोविक हे इनुपियात लोकांचं, म्हणजे उत्तर अलास्काच्या मूलनिवासींचं, गाव आहे, वस्ती तीनशेच्या आत. बाहेरून यायला रस्ता नाही. १९९४ मध्ये इथल्या शाळेत गणिताच्या एका जादा तासाला मुलांना एक अडचण आली, शिक्षकांनी ती अडचण पुस्तकात नाही म्हणून टाळली नाही, आणि त्यातून वीस नव्या अंकचिन्हांची अख्खी पद्धत उभी राहिली, जी २०२२ मध्ये युनिकोडमध्येसुद्धा, म्हणजे जगभरच्या संगणकांच्या अक्षरचिन्हांच्या यादीतसुद्धा, आली. ही गोष्ट सांगितली जाते ती बहुतेक वेळा अंकांची गोष्ट म्हणून. मला ती शिक्षकाच्या कामाची गोष्ट म्हणून मांडायचीय. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, आणि कमी पटाची शाळा म्हणजे नुसता तोटा असं जे सगळीकडे धरून चालतात ते मला मुळीच पटत नाही, आणि हे प्रकरण त्याबद्दल बरंच काही सांगतं.

आधी तिथलं शिक्षकाचं जगणं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत वाटेल. अशा गावात शिक्षक उतरतो तो ऑगस्टमध्ये छोट्या विमानातून, तेसुद्धा धुकं नसेल तर, नाहीतर मधल्या विमानतळावर बसून राहायचं. राहायला घर बहुतेक शाळेच्या विभागाचंच असतं कारण गावात भाड्याने खोली वगैरे प्रकार फारसा नसतो. दूध भाजी फळं सगळं विमानाने येतं आणि त्या भावाने विकलं जातं, जड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर बार्जने, म्हणजे सपाट मालवाहू बोटीने. सप्टेंबरमध्ये व्हेलची शिकार. काक्टोविकला वर्षाला तीन बोहेड व्हेलचा कोटा आहे, आणि व्हेल किनाऱ्याला लागला की सगळं गाव तिथे असतं, कापायला, वाटून घ्यायला, शिजवायला, शाळेतली मुलंसुद्धा. त्या दिवसांत हजेरीपटावर नुसती गैरहजेरी मांडत बसणाऱ्या शिक्षकाला गाव कळणारच नाही, कारण वर्षभराचं खाणं आणि कोणाचा कोणाशी काय संबंध हे सगळं तिथेच ठरतं. उरलेल्या हाडांच्या ढिगाऱ्यावर मग ध्रुवीय अस्वलं येतात, गावाच्या अगदी जवळ, त्यामुळे शरद ऋतूत गस्त घालावी लागते आणि मूल शाळेत चालत जातंय ही साधी गोष्टसुद्धा मोठ्यांना लक्ष ठेवून करावी लागते. नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यानंतरच दिसतो. आणि मे महिन्यात उलटं, सूर्य मावळतच नाही, मुलं मध्यरात्री बाहेर खेळतात आणि पहिल्या तासाला पेंगतात.

हे सगळं एक-दोन वर्षं झेपवणारे पुष्कळ असतात, थांबणारे कमी. अलास्काच्या ग्रामीण भागात दरवर्षी साधारण पाचातला एक शिक्षक सोडून जातो, काही गावांत तर याच्या कितीतरी जास्त, आणि नव्याने भरलेल्यांतले निम्म्याहून अधिक राज्याबाहेरून आलेले असतात. राज्यातल्या पाचातलं एक मूल मूलनिवासी आहे पण शिक्षकांत मूलनिवासी वीसात एक, तेवढाच. म्हणून तिथली मुलं नव्या शिक्षकाला फार लवकर विचारतात की तुम्ही परत कधी जाणार. त्यात राग नसतो, दर वर्षी माणूस बदलतो हे त्यांना माहीत असतं. पण ज्या वर्गाने असे पाच-सहा जण येता-जाताना पाहिलेत तो वर्ग नव्या माणसाशी जीव लावताना हात राखूनच लावणार, हे कुठलाही शिक्षक समजू शकतो.

काक्टोविकला आणखी एक मागचं ओझं आहे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने धावपट्टीसाठी गाव उठवलं, पुढे रडारच्या कामासाठी परत हलवलं, १९६४ मध्ये आणखी एकदा. सतरा-अठरा वर्षांत तीन वेळा. शाळा म्हणाल तर पूर्ण अलास्कात सरकारी आणि मिशनच्या शाळांनी इंग्रजीच चालवली आणि घरची भाषा वर्गात बोलली म्हणून मुलांनी मार खाल्ला, तोंडात साबण घातल्याच्या आठवणी वयस्कर लोक अजून सांगतात. १९५० च्या दशकात काक्टोविकमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिथे शिकवायला हॅरल्ड काविओलुक होते, ते स्वतः इनुपियात, आणि शाळेला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. इनुपियात गावात इनुपियात शिक्षक हे त्या काळात दुर्मिळ होतं, आणि आजही फार झालेलं नाही. आठवीच्या पुढे शिकायचं तर उत्तरेच्या गावांतल्या मुलांना घर सोडावं लागायचं, दीड हजार किलोमीटरवरच्या सिटकाच्या निवासी शाळेत किंवा अलास्का सोडून थेट ओरेगनमध्ये. नंतर त्याच उत्तर किनाऱ्यावरच्या प्रूडो बेच्या तेलामुळे चित्र बदललं. १९७२ मध्ये नॉर्थ स्लोप बरो ही स्थानिक सत्ता उभी राहिली, एबन हॉपसन पहिले महापौर, तेलाच्या सोयींवर कर बसवून त्या पैशांतून शाळा बांधल्या आणि शाळांचा कारभार लोकांनी आपल्या हातात घेतला. राज्याच्या बाकी खेड्यांना गावातच हायस्कूल मिळण्यासाठी कोर्टात जावं लागलं, १९७६ च्या तडजोडीनंतर शंभराहून जास्त गावांना ते मिळालं.

म्हणजे १९९४ मध्ये काक्टोविकच्या शाळेला इमारत होती, पैसा होता, आणि भाषा मात्र हातातून निसटत चालली होती. मुलं खेळात घरात इंग्रजी बोलायची. इनुपियाकमध्ये, म्हणजे इनुपियात लोकांच्या भाषेत, मोजणं तर आणखीच मागे पडलं होतं, कारण गणित म्हणजे शाळा आणि शाळा म्हणजे इंग्रजी आकडे.

आता तो तास. शिक्षक विल्यम क्लार्क बार्टली, विषय गणित, वर्ग म्हणजे मिडल स्कूलची, साधारण सहावी ते आठवीची, सगळी मिळून नऊ मुलं. दहाऐवजी दुसऱ्या संख्येवर गट पाडून मोजणाऱ्या संख्यापद्धतींचं काहीतरी चाललं होतं आणि मुलांच्या लक्षात आलं की आपल्या भाषेतली मोजणी दहावर चालतच नाही, ती विसावर चालते. हाताची बोटं पाच, दोन्ही हातांची दहा, मग पायाकडे वळलं की पंधरा, आणि दोन्ही हात दोन्ही पाय संपले की वीस म्हणजे एक पूर्ण माणूस. पुढे विसाविसाने मोजायचं, वीस वेळा वीस झाले की चारशे, तिथे नवी पायरी. एकोणीस म्हणायचं तर विसाला एक कमी असं म्हणतात, आपल्या एकोणीससारखंच. आपल्याकडेही म्हाताऱ्या बायका अंडी गोवऱ्या विसांत मोजायच्या, तीन विसा सहा, चार विसा दहा, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये.

मुलांनी मग ही मोजणी कागदावर मांडायचा प्रयत्न केला आणि अडकली. विसाच्या पद्धतीत एका घरात शून्यापासून एकोणीसपर्यंत काहीही बसू शकतं, पण आपल्याला माहीत असलेली चिन्हं फक्त दहा. एक आणि पाच शेजारी लिहिले तर ते पंधरा समजायचे की एक वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस? मुलांनी पहिला उपाय केला तो कोणीही करेल असाच, दहाच्या पुढच्यांसाठी आणखी दहा चिन्हं शोधून काढली. ती कोणाच्या लक्षात राहीनात.

माझ्या मते सगळं प्रकरण इथे वळतं. अशा वेळी बहुतेक वर्गांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे, प्रश्न छान आहे बाळांनो पण आता अभ्यासक्रमाकडे वळू, नाहीतर शिक्षक स्वतः रात्री बसून उत्तर तयार करून आणतो आणि सकाळी फळ्यावर लिहून देतो. दुसरी चूक जास्त मोठी आहे असं मला वाटतं, कारण तिच्यात हेतू चांगला असतो. बार्टलींनी वाट दाखवली पण चिन्हं मुलांनीच काढायची ठेवली, आणि त्याआधी वर्गाने बसून ठरवलं की चांगलं चिन्ह म्हणजे काय. लक्षात राहायला सोपं हवं. चिन्हाकडे बघून किती ते कळायला हवं. पेन्सिल न उचलता भरभर लिहिता यायला हवं. आधीच्या आकड्यांशी गल्लत होता कामा नये. आणि दिसायला चांगलं हवं. ही शेवटची अट मला फार आवडते, मुलांना आपली गोष्ट सुंदर हवी होती. वर्ग नऊ जणांचा असल्यामुळे कोणी मागच्या बाकावर राहिलं नाही, अख्खं मिडल स्कूल त्या चर्चेत होतं.

जे निघालं ते असं. एक म्हणजे एक तिरकी रेघ. दोन म्हणजे दोन रेघा खाली टोकाला जोडलेल्या, तीनला आणखी एक रेघ, चारला आणखी एक, सगळ्या नागमोडी जोडलेल्या म्हणजे पेन्सिल उचलायला नको. पाच झाले की वरच्या बाजूला एक आडवी रेघ, दहाला वर दोन, पंधराला वर तीन. म्हणजे वरची प्रत्येक रेघ पाचाची, खालची एकेकाची. सात म्हणजे वर एक खाली दोन. अठरा म्हणजे वर तीन खाली तीन. उरलं शून्य. त्याला भाषेत शब्दच नव्हता, मग मुलांनी हात एकमेकांवर आडवे घेतल्यासारखं चिन्ह ठरवलं, मोजायला काही नाही असं दाखवणारं.

आणि हे रूप काही पहिल्या झटक्यात आलेलं नाही. मोठी मुलं ही चिन्हं लहान वर्गांना शिकवायला गेली तेव्हा लहानांनी ती वहीच्या चौकटीत बसवण्यासाठी दाबून दाबून लिहिली, त्यात पाचाच्या रेघा आपोआप वर आणि एकाच्या खाली अशी मांडणी पक्की झाली. शाळा लहान म्हणून मोठे आणि छोटे एका छताखाली, म्हणून हे शक्य झालं. सुधारणा छोट्यांच्या हाताने झाली आणि मोठ्यांनी ती मान्य केली, यात कुठल्याही अधिकाऱ्याची सही लागली नाही.

आता गणित करून बघा, त्याशिवाय मजा कळणार नाही. अठरातून सात वजा करायचे. अठराला वर तीन खाली तीन रेघा, सातला वर एक खाली दोन, तेवढ्या पुसून टाका, उरलं वर दोन खाली एक म्हणजे अकरा. पाठांतर कुठेच नाही, डोळ्यांनीच उत्तर मिळालं. दोन अधिक दोन म्हणजे दोनाची आकृती दोनदा शेजारी शेजारी जोडा, ती चाराचीच आकृती होते. भागाकारात तर आणखी गंमत आहे. समजा १०२५ ला ४१ ने भागायचंय. विसाच्या पद्धतीत ४१ म्हणजे दोन वीस आणि एक, म्हणून घरं दोन : २ आणि १. आणि १०२५ म्हणजे दोन चारशे, अकरा वीस आणि पाच, म्हणून घरं तीन : २, ११, ५. आता आकृत्या बघा. पहिल्या दोन घरांतल्या २ आणि ११ मध्ये भाजकाची २ आणि १ ही जोडी सरळ दिसते, कारण अकराची खालची एक रेघ म्हणजेच तो १. ती जोडी एकदा काढली, भागाकाराचं पहिलं घर १. उरलं १० आणि ५. दहा म्हणजे वर दोन रेघा, पाच म्हणजे वर एक रेघ, म्हणजे भाजकाचीच जोडी, फक्त खालून उचलून वर नेलेली. वर गेली की पाचपट. म्हणून पुढचं घर ५, बाकी शून्य. उत्तर १ आणि ५, म्हणजे एक वीस आणि पाच, पंचवीस. ४१ गुणिले २५ करून ताळा बघा. पाढा न म्हणता भागाकार झाला. भागाकार म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो अशी पोरं माझ्या वर्गात दरवर्षी असतात, त्यांना हे दाखवायची मला फार इच्छा आहे.

शाळेच्या वर्कशॉपमध्ये मुलांनी विसाचे मणीपाटसुद्धा बनवले. प्रत्येक तारेवर वर तीन मणी पाचाचे, खाली चार मणी एकाचे, अगदी चिन्हांसारखीच रचना. ते मुळात दहाच्या पद्धतीतून विसाच्या पद्धतीत जाता यावं म्हणून होते, पण मुलं त्याच्यावर बेरीज वजाबाकी करायला लागली आणि त्यात रमली. लाकूड कापणं, भोकं पाडणं, तार ओवणं आणि गणित हे सगळं एकाच कामात आलं. इथे मला वाटतं गावातल्या मोजण्याच्या जुन्या सवयीला कागदावर आणि हातात जागा मिळाली. घरच्या वयस्कर माणसांना जे शब्द येत होते ते आता शाळेत उपयोगाचे झाले, आजीला विचारायला काहीतरी कारण मिळालं.

निकालाबद्दल जे सांगितलं जातं ते असं. या शाळेच्या मिडल स्कूलच्या मुलांचे कॅलिफोर्निया अचीव्हमेंट टेस्टचे गणिताचे गुण आधी सरासरी विसाव्या शतमकाच्या आसपास, म्हणजे शंभरातल्या साधारण ऐंशी मुलांच्या मागे, होते, १९९७ च्या परीक्षेत ते राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले. ऐकायला फार छान, पण आपण शिक्षक आहोत, थोडं थांबून बघायला हवं. मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एवढ्या छोट्या वर्गात दोन हुशार मुलं वर सरकली तरी सरासरी उडी मारते. तुलनेसाठी दुसरी शाळा नाही. आणि गुण वाढले ते चिन्हांमुळे, की गणित आपलं आहे असं वाटल्यामुळे, की एका शिक्षकाने मनापासून वेळ दिला म्हणून, हे त्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. माझा कल तिन्हीकडे आहे पण सगळ्यात जास्त दुसऱ्याकडे. ज्या मुलाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय की तुझ्या भाषेत गणित नाही, त्याच्या हातात स्वतः घडवलेला अंक येतो आणि त्याने भागाकार सुटतो, तेव्हा ते मूल परीक्षेच्या कागदाकडेही वेगळ्या नजरेने बघणार.

पुढे ही पद्धत उत्तर किनाऱ्यावरच्या इतर शाळांत गेली, बॅरोच्या म्हणजे आताच्या उत्कियाग्विकच्या इलिसाग्विक कॉलेजने इनुपियाक गणिताचा कोर्स ठेवला, आणि १९९८ मध्ये इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल या इनुइट लोकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कॅनडातही हे अंक वापरावेत अशी शिफारस केली. गावातल्या मुलांच्या कामाला एवढी मान्यता चार वर्षांत.

मग ते मागे पडलं. २००२ च्या सुरुवातीला नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायदा आला, दरवर्षी परीक्षा, इंग्रजीत, ठरलेल्या साच्यात, आणि शाळेचं भवितव्य त्या गुणांवर. तासिका मोजून मिळणाऱ्या, शिक्षक बदलते, नव्या शिक्षकाला ही पद्धत माहीत नाही, शिकवायला छापील पुस्तकं पुरेशी नाहीत, अशा वेळी जे परीक्षेत नाही ते आधी सुटतं. हे कोणाच्या वाईट हेतूने झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या कायद्याचा उद्देश मागे पडलेल्या मुलांना पुढे आणणं हा होता त्याच्याच दबावाखाली, त्या मुलांना पुढे नेत असलेली गोष्ट वर्गातून आकसली, हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण असं फक्त तिथेच होतं असं नाही.

प्रकरणातला दुसरा कच्चा दुवा म्हणजे माणूस. जिथे पाचातला एक शिक्षक दरवर्षी जातो तिथे कुठलीही चांगली गोष्ट एका शिक्षकाच्या खांद्यावर उभी असेल तर तो गेला की तीही जाते. म्हणून मला या प्रकरणात सगळ्यात टिकाऊ वाटतं ते हे की चिन्हं मुलांची होती. ती मुलं गावातच वाढली, मोठी झाली, आणि पद्धत वर्गातून कमी झाली तरी माणसांच्या डोक्यातून गेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये हॅरल्ड काविओलुक शाळेची इमारत आगीत जळून गेली, ऐन थंडीत, आणि पुढच्याच महिन्यात कोरोना. इमारत, पुस्तकं, वर्षानुवर्षांचं जमवलेलं सामान गेलं. अंक मात्र राहिले, आणि सप्टेंबर २०२२ च्या युनिकोड १५ मध्ये त्यांना जागा मिळाली, म्हणजे आता ते संगणकावर टाइप करता येतात, वर्कशीट करता येते, फोनवर पाठवता येतात. ज्या शिक्षकाला हे शिकवायचंय त्याला निदान प्रत्येक चिन्ह हाताने काढून झेरॉक्स करत बसावं लागणार नाही. बाहेरच्यांना ही बाब छोटी वाटेल, वर्गात उभं राहणाऱ्याला नाही वाटणार.

आता लहान शाळेचा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहितोय. अलास्कात १९९८ पासून नियम आहे की गावच्या शाळेचा पट दहाच्या खाली गेला की तिचा स्वतंत्र निधी जातो, आणि मग बहुतेक वेळा शाळा बंद. शाळा बंद झाली की तरुण कुटुंबं गाव सोडतात, मग गावच राहत नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, १४ हजारांहून जास्त शाळा निघाल्या, २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करायची, योजना पुढे आली. खर्चाचा हिशोब मी समजू शकतो. एका शिक्षकाला सात-आठ मुलं हे कागदावर महागच दिसतं, आणि एकाच वर्गात चार इयत्ता सांभाळताना काय दमछाक होते ते मला कोणी सांगायला नको. पण काक्टोविकमध्ये जे झालं ते नेमक्या त्या गोष्टींमुळे झालं ज्यांना आपण दोष म्हणून रकान्यात भरतो. वर्गात मुलं नऊच, म्हणून प्रत्येकाला बोलायला मिळालं. वर्ग मिश्र, म्हणून मोठ्यांनी शिकवलं आणि लहानांनी सुधारलं. गाव जवळ, म्हणून घरची मोजणी वर्गात आली. साठ मुलांच्या तुकडीत एखाद्याने हात वर करून विचारलं असतं की सर आमच्या घरी तर विसाने मोजतात, तर त्याला किती मिनिटं मिळाली असती? आमच्याकडे सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोलीत कितीतरी शाळांत मुलं कोरकू, भिली, गोंडी, माडिया बोलत येतात आणि त्यांच्या घरची मोजणी कशी चालते हे विचारायला कुठल्याच पुस्तकात जागा नसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला साठ तीन असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेला. मुलांना संख्या कशी कळते हा प्रश्न त्यात कोणी फारसा विचारलाच नाही. काक्टोविकमध्ये तो प्रश्न मुलांनी विचारला आणि शिक्षकाने ऐकला, फरक तिथे आहे.

हे प्रकरण आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडायचं म्हणून मी तयार करतोय आणि एका सहकारी सरांना आधी वाचायला दिलं. त्यांचा आक्षेप रास्त होता. ते म्हणाले, सगळं ठीक आहे पण शेवटी बँकेत, दुकानात, परीक्षेत दहाचेच आकडे आहेत, मग मुलांच्या डोक्यावर दुसरी पद्धत कशाला? याचं उत्तर त्या वर्गातच आहे. तिथे दहाची पद्धत काढून टाकलेली नव्हती, दोन्ही शेजारी चालत होत्या, मणीपाट तर दोन्हींमध्ये ये-जा करायलाच बनवला होता. आणि आपल्या मुलांचं नेमकं काय कच्चं राहतं ते आठवा. एकक दशक शतक पाठ असतं, पण तीनशे पाच लिहायला सांगितलं की तीन शून्य शून्य पाच लिहितात, कारण घर बदललं की त्याच अंकाची किंमत बदलते हे आत उतरलेलं नसतं. एकच संख्या एकदा दहाच्या घरांत आणि एकदा विसाच्या घरांत मांडणाऱ्या मुलाला ते टाळताच येत नाही. पंचवीस म्हणजे इथे २ आणि ५, तिथे १ आणि ५, वस्तू तेवढ्याच. सरांनी पाचवीच्या चार मुलांवर पेन्सिलीच्या रेघांनी करून बघायचं कबूल केलंय, काड्या आणि रबर बँड मी देणार आहे.